मास्तरांची कवळी

पाहुण्याला या शहरात येऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं मुक्काम ठोकलेल्याला कुणी पाहुणा म्हणत नाही, पण गल्लीने एकदा नाव ठेवलं की ते चिकटतं. नाक बसकं, डोळे बारीक, म्हणजे हा आपल्यातला नाही, एवढीच अक्कल गल्लीला पुरत होती. तो याच देशाच्या डोंगराळ टोकाचा होता, पण हे सांगून सांगून बिचाऱ्याच्या तोंडाला फेस आला होता.

काम मात्र त्याचं शहराच्या तोंडातोंडात होतं. दातांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला, पडद्याआड बसून तो कवळ्या घडवायचा. पेशंट बिचकतात म्हणून डॉक्टर त्याला पुढे येऊ देत नसत, कवळी स्वतःच बसवून देत. त्यामुळे याला माणसं अनोळखी आणि दात ओळखीचे. रस्त्यात कुणी हसलं की हा मनात म्हणायचा, ही आपली मागच्या वर्षीची.

आता बायको आणि लेक कायमच्या राहायला येणार होत्या. लेकीचं पहिलीत नाव घातलं होतं, सोमवारपासून शाळा. हा झोपायचा दवाखान्याच्या माळ्यावर, प्लास्टरच्या पोत्यांशेजारी. तिथे पोरीला कुठे ठेवणार? चार ठिकाणी नकार पचवून तो पाचव्या दारात उभा राहिला. दार उघडलं ते भूगोलाच्या निवृत्त मास्तरांनी.

"तू... कुठला... देश?" मास्तरांनी हातवारे करत, एकेक शब्द तोडून विचारलं. तीस वर्षं या गृहस्थांनी नकाशे शिकवले! याच डोंगरांना तपकिरी रंग दिला नाही म्हणून किती पोरांचे कान पिळले असतील कोण जाणे.

"याच देशातला, मास्तर. खोलीसाठी आलोय. बायको आणि लहान मुलगी, बस."

"सोसायटीत असल्यांना ठेवत नाही. सगळ्यांना त्रास होतो."

प्रत्येक 'स' बरोबर शीळ वाजत होती. पाहुण्याने नीट पाहिलं आणि ओळखलं. वरचा डावा सुळा किंचित वाकडा. डॉक्टरांनी दिलेल्या कुणाच्याशा तरुणपणच्या फोटोवरून त्यानेच तो तसा लावला होता. त्याने घडवलेले दातच त्याला दारातून हाकलत होते. त्याला संताप आला, आणि त्या शिळेची लाजही वाटली.

दोन दिवसांनी मास्तर दवाखान्यात हजर. डॉक्टरांनी घासून पाहिलं, शीळ हटेना. आता घडवणाऱ्यानेच समोर बसून ऐकायला हवं होतं. नाइलाजाने पडदा सरकला.

मास्तरांचा चेहरा पडला. "दुसरं कुणी नाही का?"

"तुमचे दात यानेच केलेत," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी कवळी काढून दिली आणि बोळकं मिटून बसले. पाहुण्याच्या मनात आलं, थोडं जास्तच घासावं, बसू दे म्हाताऱ्याला जन्मभर शिट्या मारत. पण हात ऐकेना. कामात हरामखोरी करणं त्याच्या रक्तात नव्हतं.

कवळी बसवली की भरपूर 'स' असलेलं वाक्य म्हणून घ्यायचं, ही या कामाची रीत. वाक्य ठरलेलं असायचं. आज त्याने ते बदललं.

"म्हणा, मास्तर. सोसायटीतल्या सगळ्यांसारखाच हासुद्धा याच देशातला माणूस."

"हे कसलं वाक्य?"

"शीळ तपासायचीय."

मास्तरांनी म्हटलं. शीळ वाजली. त्याने कवळी काढून घेतली, घासली, परत म्हणायला लावलं. बाकावरच्या बायका माना वळवून ऐकू लागल्या, मास्तरांना घाम फुटला. पाचव्या खेपेला वाक्य खणखणीत, स्वच्छ निघालं. इतकं स्वच्छ, की पाहुण्याला वेड्यासारखी आशा वाटली.

"मास्तर, ती खोली अजून रिकामी आहे का?"

मास्तर आरशात दात न्याहाळत होते. त्याच्याकडे न बघताच ते डॉक्टरांना म्हणाले, "काम सुरेख आहे हो याचं. पण खरं सांगा, हा माणूस मूळचा कुठल्या देशातला?"

पाहुण्याने कान देऊन ऐकलं. शीळ कुठेही वाजली नाही.