विमलाबाईंचा उजवा घोटा

पेरांबूरच्या विमलाबाईंना एका जागी स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही. बसल्या तर फक्त शिलाई मशीनवर, आणि तिथंही पाय चालूच. सोलापूरहून नवऱ्यामागे आल्या, नवरा रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात लागला, बाई खिडकीशी मशीन मांडून बसल्या. पुढं नवरा गेला, मद्रासचं चेन्नई झालं, तरी गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं त्याच खिडकीत येत राहिली.

मग घोट्यानं दगा दिला. तरुणपणी बसमधून उतरताना मोडला होता, वेडावाकडा जुळला. म्हातारपणी आतली गादी झिजून हाडावर हाड घासायला लागलं. पायडल दाबलं की डोळ्यांपुढं काजवे. तेल झालं, शेक झाला, गोळ्यांनी पोट बिघडलं. शेवटी मुलानं, सिद्धार्थनं, डॉक्टर रामस्वामींकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, स्क्रू घालून सांधा कायमचा जाम केला तर दुखणं जाईल, पण घोटा वाकणार नाही. नाहीतर सांधाच बदलायचा, धातूचा. तो हलेल. पण काही वर्षांनी सैल पडला तर पुन्हा कापावं लागतं. तुम्हाला ह्या पायानं काय करायचंय?"

शेजारी सिद्धार्थ. शोळिंगनल्लूरला कंप्युटरच्या ऑफिसात साहेब. आईनं गल्लीचं शिवत बसणं त्याला बरं वाटत नसे. विमलाबाई म्हणाल्या, "काय करायचंय? देवळापर्यंत चाललं की झालं."

"मग जाम करणंच बरं," म्हणून डॉक्टरांनी तारीख दिली.

त्या दिवसापासून बाईंचा जीव थाऱ्यावर नाही. काठी टेकत स्वयंपाकघरातून खिडकीशी, खिडकीतून परत. मशीनला तेल घालायचं, झाकण लावायचं, काढायचं.

"आई, बसा हो जरा!" सून ऋजुता वैतागली. "पाय दुखतोय ना?"

"बसलं की जास्त दुखतो."

नात तनया टी. नगरहून आणलेलं रेशमी कापड घेऊन मागंमागं. "आजी, माझी पावाडै एप्पो?"

"परकर म्हण गं. आणि कधी ते मला नको विचारू."

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना गेल्या, तेव्हा डॉक्टर उठायला लागले आणि बाईंनी त्यांची बाहीच धरली. "डॉक्टर, तैयल मशीन!"

डॉक्टर बघतच राहिले. "कसलं शिलाई मशीन?"

"माझं. मला पायडल मारायचंय. देवळाचं उगीच सांगितलं. देव काही रोज बोलवत नाही."

"आई!" सिद्धार्थ कानकोंडा झाला. "मोटर बसवून देतो म्हटलं होतं ना?"

"करंट गेला की तुझी मोटर झोपली. आणि तीसुद्धा पायानंच दाबायची असते, शहाण्या!"

डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले. घोट्याचा एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला. "हाड धड आहे. सांधा बसेल, पण मागवावा लागेल, तारीख पुढं जाईल. आणि सैल पडला तर?"

"तेव्हा जाम करा. तोवर शिवून घेते."

बाहेर आल्यावर सिद्धार्थ हळूच म्हणाला, "आधी का नाही बोललीस?"

"तू शेजारी बसला होतास."

तो रिक्षा शोधायला गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

ऑपरेशन नीट झालं. प्लास्टरचे आठवडे मात्र बाईंनी घरादाराला पिडून काढले. एकदा गुपचूप डाव्या पायानं पायडल मारून पाहिलं, तर चाक उलटं फिरून दोऱ्याचं जाळं झालं. ऋजुतानं झाकणाची किल्लीच लपवली. प्लास्टर निघालं. हाडावर हाड घासायचं ते दुखणं गेलं, पण संध्याकाळी पाय सुजायचा आणि घोटा वाकायचा दुसऱ्याच्या निम्मा. एवढाच वाकेल, डॉक्टरांनी सांगून टाकलं.

किल्ली मिळाली त्या रविवारी बाई बसल्या. उजवा पाय ठेवला, दाबला. टाच पुरती उचलेना, चाक अर्ध्यातून मागं आलं, दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला.

दारात उभा सिद्धार्थ आत आला. त्यानं चाकावर हात ठेवला.

"पुढं ढकल," बाई पुटपुटल्या. "मागं नाही."

त्यानं ढकललं. बाईंनी डावा पाय पुढं सरकवून उजव्याच्या जोडीला घातला. चाकानं वेग धरला, आणि तो निम्मा वाकणारा घोटा हलत राहिला, हलत राहिला. सिद्धार्थनं हात काढून घेतला. सुईखालून रेशमी काठ सरकू लागला.

तनया खाली वाकून पायाकडं बघत होती. "वलिक्कुदा, आजी?"

"नाही गं दुखत. सरक बाजूला, परकरावर उभी आहेस."