झुंबरबाईचा वारा

कुसगावच्या वाटेवर महिपती लोहाराची भट्टी होती. घाव महिपतीचा, वारा त्याच्या बायकोचा, झुंबरबाईचा. बावीस वर्षं तिनं भात्याची दोरी ओढली. विस्तवाच्या रंगावरून तिला कळे, आता किती वारा हवा.

१९३८च्या हिवाळ्यात महिपतीनं पुण्याहून भात्याऐवजी हातानं फिरवायचा पंखा मागवला.

"आता तू घरी बस. वारा काय, कुनीबी घालंल."

त्या दिवशी झुंबरबाईच्या भाकऱ्या करपल्या.

पंखा यायच्या आधीच दारात एक लाल मोटार थांबली. चालवणारा मारुती टाकवे गावचा, मुंबईत एका शेठकडं नोकरीला.

"मावशी, पानी द्या. घाटात बैलगाडी पुढं गेली माज्या! गाडीवान हसत व्हता."

"मग बैलच जुपायचे की."

मारुतीनं हसत इंजिनावरचं झाकण उघडून दाखवलं. साध्या मोटारीत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली सरकताना ओढेल तेवढीच हवा आत जाते. या मोटारीला वेगळा पंप होता. इंजिनाच्याच जोरावर फिरून तो नळीतून जादा हवा आत कोंबायचा. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जळायचं आणि दट्ट्याला जोराचा रेटा बसायचा.

"म्हंजे ह्यालाबी भाता हाय," झुंबरबाई म्हणाली. "आन् तो कुटंतरी फुटलाय."

"न्हाई हो, पंप नवा कोरा हाय."

"पंप नवा असंल. वारा पोचतो का तितं? चालू कर."

अमावास्येला भट्टी बंद असे, तेव्हा ती राख धरून भात्याची शिवण तपासायची. तशीच आता चिमूटभर राख घेऊन तिनं हात नळीच्या कडेनं फिरवला. रबरी सांध्याखाली राख भुर्रकन उडाली.

तिनं जुन्या भात्याचं कातडं कापून दिलं. महिपतीनं ते तारेनं आवळलं. मारुती चढावर फेरी मारून भोंगा वाजवतच परतला.

"मावशी, टोपी उडाली माजी!"

आठवड्यानं पंखा आला. महिपतीनं हौसेनं गरागरा फिरवला. ठिणग्या उडाल्या आणि नांगराच्या फाळाचं टोक जळून गेलं. त्यानं पंखा थांबवून हाक मारली.

"अगं, बघ की जरा. किती फिरवू?"

"कुनीबी घालंल की," म्हणत झुंबरबाईनं पाट ओढला आणि भट्टीजवळ ऐसपैस बसली. "हळू. आनी हळू. हां, आता असंच ऱ्हाऊ दे."