शनिवारी पुढे केलेलं घड्याळ

देशाची दारं उघडली म्हणून वर्तमानपत्रं आनंदानं वेडी झाली होती, तेव्हा मी नारायणगुड्यात एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर परदेशी दवाखान्यांचे कागद कंप्यूटरवर टाइप करत होते. मालक वडिलांच्या जुन्या ओळखीतले. घरी काका, ऑफिसात सर. सहा महिन्यांनी कायम करतो म्हणाले होते. घरी ठरलं होतं, की मी कायम झाले तर दोन वर्षं माझ्या लग्नाचं कुणी नाव काढायचं नाही. मला तेवढंच हवं होतं.

काका राहुकाळ पाळायचे. आमच्यासारख्या हैदराबादेत मुरलेल्या मराठी घरांत तो तेलुगू शेजाऱ्यांकडून आला आणि घरचाच होऊन राहिला. शनिवारी तो नऊ ते साडेदहा. त्या वेळात काम सुरू करायचं नाही, आणि परदेशातलं काम तर थांबत नाही. या गृहस्थांनी त्यावर तोडगा काढला. शनिवारी ते सगळ्यांच्या आधी येत, मुख्य मशीन सुरू होतानाच डिलीटचं बटण दाबून धरत आणि निळ्या पडद्यावर मशीनच्या आतलं घड्याळ साडेदहाच्या पार नेऊन ठेवत. राहू फसला असं त्यांना खरंच वाटायचं. इतका भोळा ग्रह मी दुसरा ऐकलेला नाही.

आमची हजेरीही त्याच घड्याळावर लागायची. साडेनऊला आलेले आम्ही सगळेच शनिवारी तासाभरानं उशिरा आलेले दिसायचो. सोमवारी घड्याळ जागेवर यायचं. शनिवारची हजेरी कुणी बघत नसे, आणि आम्हीही हसून सोडून द्यायचो.

सहा महिने भरत आले तेव्हा काकांच्या मेहुण्याची मुलगी कंप्यूटरचा कोर्स करून घरी बसली होती. काकांनी मला आत बोलावलं आणि माझे, फक्त माझे, सगळे शनिवार छापलेला कागद पुढे सरकवला.

"सर, शनिवारी घड्याळ तुम्हीच पुढे करता," मी म्हणाले.

"मशीन झूठ बोलतं का गं? मला काय हौला, येडा समजलीस?" ते चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांचं सगळं लक्ष बिस्किट तुटू नये याकडे होतं. त्या बिस्किटाचा मला अजून संताप येतो.

घरी मी वडिलांना सगळं सांगितलं. जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"राहुकाळ आपणही पाळतो," ते म्हणाले. "म्हणून कुणी घड्याळ फिरवतं का? आणि हे तर छापील आहे."

संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून काकांकडे गेले आणि माझ्या वतीनं माफी मागून आले. काकांनी मोठ्या मनानं माफ केलं, असं त्यांनी आईला सांगितलं.

महिन्याभरात मला बघायला लोक आले. स्थळ काकांनीच सुचवलं होतं.