लाल रकाना

महिन्यापूर्वी एका सकाळी फोन वाजला. ‘‘भावजी, ह्ये गेले...’’ सुजातावहिनी एवढंच म्हणाल्या. मिलिंदच्या मेंदूतली गाठ कळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. ती वर्षभर तरी वाढत असणार, आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते वर्ष मी रोज उलटं मोजत जातो आणि एका रविवारपाशी अडतो.

मिलिंद आणि मी कोल्हापुरात एकाच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. नव्वदच्या दशकात त्याला उलट चालणाऱ्या सर्किटांचा नाद लागला. नेहमीच्या बेरजेच्या सर्किटात उत्तर मिळतं, पण ते कोणत्या आकड्यांवरून आलं हे पुसलं जातं. याच्या सर्किटात उत्तरावरून माघारी जाऊन मूळ आकडे सापडलेच पाहिजेत, तेही कमीत कमी तारांत. वहीत तो निळ्या शाईनं सरळ तपासणी करायचा, लाल शाईनं उलट. ‘‘कुणाला पायजे हाय रं हे?’’ मी चिडवायचो. ‘‘जायला कुणालाबी जमतंय,’’ तो म्हणायचा, ‘‘माघारी येता आलं पायजे की!’’

गेल्या वर्षीच्या त्या रविवारी आम्ही त्याच्या स्कूटरवरून पन्हाळा उतरत होतो. वीस वर्षं पायाखालचा रस्ता. फाट्यावर तो थांबला आणि एका माणसाला म्हणाला, ‘‘पावणं, कोल्हापूरला कुठनं जायाचं?’’ मला वाटलं, सोंग करतोय. मी घरापर्यंत हसत आलो. तो मात्र प्रत्येक पाटी वाचत गाडी चालवत होता. दारात त्यानं वही माझ्या हातात दिली. ‘‘एक तार वाचवलीय. लाल रकाना या खेपेला तू भर... मला जरा खात्री न्हाय.’’ मी निळी बाजू पाहिली, बेरीज बरोबर होती. मिलिंदचं काम उलटं काय तपासायचं! लाल रकान्यात वरून खालपर्यंत एकच बरोबरची खूण ओढली, खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी वही परत केली. ‘‘उलटं बघितलंस न्हवं?’’ त्यानं विचारलं. ‘‘व्हय की!’’ मी म्हणालो. त्याचा जीव भांड्यात पडला.

मागच्या आठवड्यात वहिनींनी तीच वही मला दिली. या वेळी मी खरंच माघारी निघालो. तिसऱ्या आणि सहाव्या ओळीचं उत्तर एकच होतं. तिथून मागे दोन वाटा फुटत होत्या, आणि खरी कुठली हे कळायला काहीच मार्ग नव्हता. असली चूक त्यानं पहिल्या वर्षाच्या पोरालाही माफ केली नसती. त्याला भीती वाटत होती, म्हणूनच तो माझ्याकडे आला होता.

वही माझ्या टेबलावर आहे. लाल रकान्यात आकडा एकही नाही. माझी खूण आहे, आणि खाली माझी सही.