पान लागलं

तुरीच्या रानात मला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडं म्हणत न्हाईत. नाव घेतलं की इख चढतं. वारंगा फाट्यावर एका अनोळखी जीपवाल्याला म्हणलं, "मांत्रिकाकडं चल." त्यानं माझा पाय सीटवर सरळ ठेवला अन् गाडी दवाखान्याकडं वळवली. मी शिव्या दिल्या. दर शिवीला गडी मान डोलवायचा, "व्हय बाबा, बराबर."

दवाखान्यात मी सांगितलं, "पान लागलं."

नवे डॉक्टर म्हणाले, "तंबाखूचं खाल्लं का?"

मी म्हणलं, "खाल्लं न्हाई, लागलं."

जीपवाला खेकसला, "साहेब, साप चावलाय! बाबा, नाव घेतल्यानं न्हाई, लपवल्यानं मरतं माणूस."

लगेच सुई टोचली. मी वाचलो. आजवर माझ्यावर कोणाचा जोर चालला न्हाई; त्याचा चालला, कारण त्यानं मला विचारलंच न्हाई.