दाताचे उपवास

आमच्या सासूबाई कर्जतच्या बाजारात भेटेल त्याला सांगायच्या, "सून लई देवाची हाय माझी. गुरुवार, शनिवार, चतुर्थी, काय सोडत न्हाई." कसला देव नि कसलं काय! माझी डावी दाढ किडली होती. पंगतीत सगळ्यांचं आटपायचं आणि माझी अर्धी पुरी ताटातच. एक जण मागे राहिला की अख्खी पंगत बसून राहते, माझ्या तोंडाकडे बघत. त्यापेक्षा उपवास बरा. घरी येऊन चोरून दुधात भाकरी कुस्करायची.

दवाखान्यात का नाही गेले? भ्याले, दुसरं काय! लहानपणी आठवडे बाजारातल्या एका माणसाने पकडीने माझी दाढ उपटली होती, चुलत्याने हात धरून ठेवले होते. मी किंचाळत होते, कोणी थांबलं नाही.

मग लेकाचं लग्न ठरलं. विहीणपंगतीत नवरदेवाची आई मानाची. ती उठल्याशिवाय कोणी उठत नाही. तिथं उपवासाची थाप चालायची कशी? घास अडला तर सगळ्या सोयऱ्यांत शोभा.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी एकटीच दातांच्या दवाखान्यात गेले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. डॉक्टरीणबाई पोरसवदा. म्हणाली, "काकू, तुम्ही हात वर केला की मी थांबणार."

मनात म्हटलं, सगळे असंच म्हणतात. सुई दिसताच हात वर केला. थांबली. मग दुखत नसतानाही केला. पुन्हा थांबली! चार वेळा परीक्षा घेतली बाईची. पाचव्यांदा हात मांडीवरून हललाच नाही. दाढ निघाली तेव्हा मला रडू नि हसू एकदमच फुटलं. जिंकले होते मी!

विहीणपंगतीत मी जिलबी मागून घेतली, पापड कडाकडा खाल्ला. सासूबाई बघतच राहिल्या. तिथल्या तिथं त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, आता बसणार बोलणी. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"माझ्या बी दोन दाढा दुखत्यात, लई वर्सं झाली. कुनाला सांगितलं न्हाई. मला बी नेतीस का?"

त्यांच्या ताटातली पुरी तशीच होती. चार दिवसांनी मी त्यांना त्याच खुर्चीत बसवलं आणि शेवटपर्यंत शेजारी उभी राहिले.