बॉयलरवाल्याचा झेल

आयर्लंडमधल्या लिक्सलिपला आमचा बॉयलर दुरुस्त करायला येणारा माणूस तोतया आहे, असा माझा पक्का संशय होता. रविवारी टीव्हीवर गेलिक फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातानेही झेलायच्या त्यांच्या फुटबॉलच्या, सामन्यात मी त्याला पाहिलं होतं. अर्धं आयर्लंड त्याच्या नावाने घसा फोडत होतं, उरलेलं अर्धं शिव्या घालत होतं. आणि सोमवारी सकाळी तोच माणूस माझ्या स्वयंपाकघरात बॉयलरपुढे गुडघे टेकून! आपल्याकडे रणजीचा बारावा गडीसुद्धा स्वतःची पिशवी उचलत नाही.

बोलणं एका शब्दाचं, "ग्रँड." बॉयलर फुटून छप्पर उडालं असतं, तरी ग्रँडच. आणि डोक्यावर टोपी चक्क रग्बीची!

"टोपी रग्बीची कशी?" मी उलटतपासणी सुरू केली.

"रग्बी बघतो. गेलिक खेळतो."

"पगार किती?"

"पगार रग्बीवाल्यांना. आम्हाला सामन्यानंतर सँडविच."

"अगं, ऐकलंस? सँडविचसाठी हाडं मोडून घेतो म्हणे!" मी बायकोला मराठीत म्हणालो.

"तू गप्प बस. आधी गरम पाणी येऊ दे."

शेवटी परीक्षा म्हणून मी पाठीमागून त्याच्याकडे बटाटा भिरकावला. मान न वळवता त्याने तो एका हाताने झेलला, ओट्यावर ठेवला आणि पान्याकडे वळला. "ग्रँड बटाटा."

पुढच्या रविवारी शेवटच्या मिनिटाला त्याच्या हातून सोपा चेंडू निसटला. सोमवारी तो बॉयलरचं उरलेलं काम करायला यायच्या आत मी घरातले सगळे बटाटे लपवून ठेवले.